सरदाराचं झाड

तळ्याकाठच्या त्या गावात पाहुण्यांना फिरवायचं काम बावीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. गाव त्याला रेडिओ म्हणायचं; एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नसे. होड्यांचा धक्का, जुनी पाणचक्की, फळबागा आणि सगळ्यात शेवटी सफरचंदाचं एक जाडजूड झाड. "दोनशे वर्षांपूर्वी एका सरदाराने हे स्वतःच्या हाताने लावलं," असं तो घसा खाकरून सांगे. पाहुण्यांना झाडाचं वय काय कळणार? ते माना डोलावत आणि फोटो काढत.

त्या दिवशी घोळक्यात त्याची आत्या होती. बऱ्याच वर्षांनी माहेरी आली होती. भाच्याची करामत बघायला त्यानेच तिला आग्रहाने आणलं होतं. गडी असा रंगात आला, की सरदाराला त्याने घोड्यावरही बसवलं. टाळ्या पडल्या. आत्या मात्र काठी टेकत झाडाजवळ गेली, वाकली आणि बुंध्यावरची कलमाची गाठ चाचपू लागली.

पाहुणे पांगल्यावर ती म्हणाली, "सरदाराचं झाड वादळात पडलं. त्याची डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या भावानं हे कलम बांधलं. तू तेव्हा माझ्या कडेवर होतास. तुला माहीत नाही होय?"

माहीत होतं. तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. पहिल्या वर्षी तो खरं तेच सांगायचा; पण 'बागेतला मजूर' म्हटलं की लोक घड्याळ बघत. एकदा एका बाईंनी तोंडावर जांभई दिली आणि त्याने बापाला गोष्टीतून हळूच बाजूला सारलं. पुढे ते अंगवळणी पडलं.

"बापाचं नाव सांगायची लाज वाटली?" आत्याने विचारलं.

"हो," तो म्हणाला. तिच्याकडे बघायची हिंमत होईना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी नवा घोळका झाडापाशी आला. आत्या मागच्या बाकावर येऊन बसली होती. त्याने सरदार सांगितला, वादळ सांगितलं आणि मग खाली बघत पुटपुटला, "हे कलम माझ्या वडिलांनी बांधलं. ते इथे मजूर होते."

दोघंतिघं तळ्याकडे वळलेही होते.

"मोठ्यानं बोल," मागून आत्या म्हणाली. "इथपर्यंत ऐकू आलं नाही."