धोंड्याच्या वाणात मागितलेले गिअर

धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी फोन करून काय पाहिजे म्हणून विचारलं आणि मी सायकलच्या गिअरचे खटके मागितले.

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. लोक अंगठी मागतात, सफारीचं कापड मागतात, अगदीच निर्लज्ज असले तर मोटारसायकल मागतात. माझ्या निर्लज्जपणाची जात वेगळी. मला ब्रेकच्या मुठीतच बसवलेले गिअरचे खटके हवे होते, आणि ते हवे आहेत हे माझ्या साडूला कळू द्यायचं नव्हतं.

साडू परभणीतच राहतो. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं पेडगावपर्यंत सायकली हाणतो, चहा पितो, एकमेकांचा अपमान करतो आणि परत येतो. बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे ही मैत्री आहे असा घरच्यांचा समज आहे.

त्याच्या सायकलीला खटके मुठीत. बोट दाबलं की गिअर बदलला. माझी सायकल तशीच पातळ टायरची, रेसची, पण जुनी आणि कुणाची तरी वापरलेली. तिचे खटके खाली, दोन गुडघ्यांच्या मधल्या तिरप्या नळीवर. गिअर बदलायचा तर एक हात सोडून वाकायचं. मागून ट्रॅक्टर आला असला तरी वाकायचं. हे ओळखून साडू माझ्या शेजारी येतो आणि सपाट रस्त्यावर, काही गरज नसताना, टकाटक गिअर बदलत राहतो. नुसतं मला ऐकू यावं म्हणून.

मीही काही कमी नाही. टपरीवर चार लोकांदेखत मी सांगून टाकलं होतं की ज्यांना एका हातानं सायकल धरता येत नाही त्यांच्यासाठी ती सोय काढलेली आहे. त्याच बैठकीत, तोंड सुटलंच होतं म्हणून, माझ्या मागच्या चाकालाही त्याच्यासारख्याच अकरा दातेरी चकत्या आहेत असंही ठोकून दिलं. आहेत आठ.

एवढं बोलून बसल्यावर खटके बदलायचे कसे? शनिवारी बदलायचं ठरवायचो, रविवारी त्याचं तोंड बघितलं की रद्द करायचो. मग एका रविवारी रस्त्याच्या कामापाशी गिअर उतरवायला वाकलो आणि वर बघेपर्यंत बाभळीत होतो. साडू थांबला. उचलायला हात दिला नाही. सायकलीवर बसूनच म्हणाला, "काय साडूबुवा, खाली काही सापडलं का?"

काटे बायकोनं काढले. सुईनं, आणि गरजेपेक्षा बरंच खोल जाऊन.

म्हणून सासऱ्यांपाशी ते मागून बसलो. सासरे पाथरीकडचे शेतकरी. वखराची पास कुठं चांगली मिळते ते त्यांना विचारावं. सायकलचे खटके कुठं मिळतात हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी सरळ थोरल्या जावयाला, म्हणजे साडूलाच सांगितलं, कारण सायकलीतलं त्याला कळतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

साडूचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात साखर होती. मामांनी आणायला सांगितलंय, म्हणाला. मागं जितक्या चकत्या, तितक्याचेच खटके घ्यावे लागतात, नाहीतर गिअर नीट पडत नाही. तेव्हा तुमच्याकडे किती? मी म्हणालो, अकरा. नक्की ना, असं त्यानं विचारलं. मोजता येत नसतील तर या मोजायला, मी म्हणालो. नाही नाही, म्हणाला, तुमच्यावर विश्वास आहे माझा. दर रविवारी आमच्या दोन्ही सायकली त्या टपरीमागच्या एकाच लिंबाला टेकवलेल्या असतात. त्याच्या विश्वासाचा मला तिथंच संशय यायला हवा होता.

जेवणाच्या दिवशी मी मुद्दाम सायकलीवरच पाथरी गाठली. दोघांना ओसरीवर शेजारी शेजारी पाटावर बसवून ओवाळलं. साडूला सफारीचं कापड, मला खोकं. सासूबाईंनी खोक्यालाही हळदकुंकू लावलं. सासरे म्हणाले, "जावईबापू, आता सायकलीवरचा हात सोडू नका. पोरगी फोनवर रडायली होती त्या दिवशी."

हातातला पुरणाचा धोंडा तुपात बुडवायचा राहिला. मला खरोखर लाज वाटली. पण ती फार वेळ वाटून घेता आली नाही, कारण साडू तोवर हात धुऊन उठला होता. पाना आणलाय, म्हणाला, आत्ताच बसवून टाकू. त्यानं अंगणात माझी सायकल उलटी केली आणि चकत्या मोजायला लागला. मोठ्यानं, बाजारात आंबे मोजतात तसा. आठला थांबला.

"मामा, तीन कुठं गेल्या हो ह्यांच्या?"

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. झिजल्या असतील, मी म्हणालो. होय, हेच म्हणालो. बायकोनं तुपाची वाटी उचलून माझ्या ताटापासून लांब नेली.

साडूनं मग सासऱ्यांना शांतपणे समजावलं. हे खटके ठेवायचे तर चकत्या बदलाव्या लागतील, साखळी बदलावी लागेल, मागचं सगळंच बदलावं लागेल. जुनी सायकल म्हणून नुसता सांगाडा राहील. इथं मी एवढंच म्हणायचं होतं की आठच आहेत, खोटं बोललो, आठचे आणून द्या. मिटलं असतं. खटकेही मिळाले असते.

"मंग ठिवायचं का वापस करायचं?" सासऱ्यांनी विचारलं. "तुमी सांगा."

साडू हसत नव्हता. तो वाट बघत होता, आणि त्याचं ते वाट बघणं मला सहन झालं नाही.

"वापस करा, मामा. मला खालचेच बरे. एक हात सोडला तरी माझा तोल जात नाही."

सासूबाई माझ्यासमोर नेहमी पदर सावरून, खालच्या आवाजात बोलणाऱ्या. धोंड्याच्या महिन्यात तर जावई म्हणजे त्यांना देवाच्या ठिकाणी. त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि आवाज जराही न चोरता सासऱ्यांना म्हणाल्या,

"तीन चाकाची घेऊन द्या त्येंला. हात सोडला तरी पडायचे न्हाईत."