गाडी रडी राहिनी

आमच्या खान्देशात नवी सून आणि नवी गाडी, दोघींची चौकशी सारख्याच उत्साहाने होते. सुनेला काय काय येतं आणि गाडी ॲव्हरेज किती देते. माझ्या गाडीचं उत्तर ऐकून लोकांचे चेहरे पडतात. लिटरला बारा, फार तर तेरा. दुसऱ्या कुणी चालवली तर जास्त देईल, हे मात्र मी सांगत नाही.

गाडी मूळची माझ्या भावाची. पुण्यात असताना त्याने हौसेने घेतलेली. लाल, बुटकी, दिसायला एवढीशी, पण इंजिन तिखट. आरपीएमचा काटा चार हजारांच्या खाली असेपर्यंत ती मरगळलेली असते. चारच्या वर गेला की तिच्या अंगात येतं. परदेशी जाताना भावाने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "हिला जपू नकोस. पळवली नाही तर बिघडते." तो गेला. गाडी माझ्याकडे आली आणि धुळ्यात एकट्या राहणाऱ्या आमच्या वडिलांची, आबांची जबाबदारीही माझ्याकडेच आली.

मी राहते जळगावला, सासरी. नोकरी धुळ्याच्या कॉलेजात, रसायनशास्त्र शिकवते. सकाळी पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळे आणि संध्याकाळी तेच उलटं. कॉलेज सुटलं की आबांची औषधं आणि दुसऱ्या दिवसाची भाजी. जळगावला पोचलं की पर्स ठेवून आधी कणीक. दोन्ही घरांचा ठाम समज आहे की माझा आराम दुसऱ्या घरात होतो.

आणि दोन्ही घरांत माझ्यासाठी एकच वाक्य आहे. सासूबाई जळगावजवळच्या असोद्याच्या, बोली लेवा. "तू तं जाऊनच राह्यली ना," असं म्हणून त्या माझ्या धुळ्याच्या नणंदेसाठी भरिताची वांगी गाडीत ठेवतात. आबा अहिराणीत म्हणतात, "तू ते जाईच राहिनी ना," आणि जळगावच्या आत्यासाठी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा देतात. कधी वांग्यांसोबत चुलत सासरेही असतात. बोली दोन, ओझं एकच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण बहुधा माझ्यासारख्याच कुणाला तरी सुचली असावी.

वांगी बोलत नाहीत, एवढं बरं. कुणी माणूस सोबत नसला की एरंडोल सोडल्यावर रस्ता मोकळा सापडतो. मी तिसऱ्या गिअरमध्येच राहते आणि पाय दाबते. काटा पाच, साडेपाच, सहा हजारांवर. इंजिन ओरडायला लागतं. मग मीही ओरडते. काचा वर करून, खरोखर, घसा फाटेपर्यंत. शब्दबिब्द काही नाहीत. पारोळा दिसू लागलं की पाचवा गिअर टाकते, ओढणी नीट करते आणि पुन्हा मॅडम होते.

एकदा आबा शेजारी बसलेले असताना सवयीने तसंच दाबलं. आबांनी सगळं आयुष्य स्कूटरवर काढलेलं, तीही टॉप गिअरमध्ये ढकलत. ते घाबरून म्हणाले, "माय, गाडी रडी राहिनी! पुढला गिअर टाक ना."

"रडत नाही आबा, गाते," मी म्हटलं. ते हसले.

लाखाचा आकडा कधीच मागे पडला. आता माझ्या एकटीच्या खात्यावरच एक लाख तीस हजार किलोमीटर झालेत. कॉलेजात भूगोलाच्या मॅडमनी हिशेब करून सांगितलं, पृथ्वीला तीन प्रदक्षिणा झाल्या. मी घरी आले आणि उगाच रडले. तीन प्रदक्षिणा घालून मी धुळे आणि जळगाव हे दोनच जिल्हे पाहिले होते.

मग एक दिवस जेवताना नवऱ्याने जाहीर केलं, "गाडीला सीएनजी बसवून टाकू. रोजचं एवढं रनिंग, पेट्रोलवर परवडतं का कुणाला?"

मी म्हटलं, हे इंजिन त्यासाठी नाही. गॅसवर वरच्या आरपीएमला दम राहत नाही.

"तुला कुठे रेस लावायची आहे?" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो. पण सांगणार काय होते? रोज एरंडोलच्या पुढे मला ओरडायचं असतं, हे वाक्य आमच्या घरात वरण-भाताबरोबर कसं वाढायचं?

किट बसलं. डिकीत टाकी आली, वांगी मागच्या सीटवर आली. पंपावर गॅससाठी रांग. नंबर आला की खाली उतरून उन्हात उभं राहायचं. आणि चार हजारांच्या वर गाडी तोंडावर उशी दाबल्यासारखी घुसमटायची. डॅशबोर्डवर एक छोटं बटण आलं होतं, गॅस की पेट्रोल. "पेट्रोल फक्त अडीअडचणीला," नवऱ्याने बजावलं होतं.

खरा घाव मात्र रविवारी बसला. आजवर सासूबाईच म्हणायच्या, सुट्टीच्या दिवशी कशाला पेट्रोल जाळते? त्यामुळे रविवार माझा होता. दुपारी पडदा ओढून मी नुसती पडून राहायचे. किट बसलं त्याच आठवड्यात आबांचा फोन आला. "आते गाडी सस्ती पडस ना? मंग रईवारले बी येत जाय." इतक्या आनंदाने म्हणाले की माझ्या तोंडून "नाही" निघेना. इकडे सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली. "तू तं जाऊनच राह्यली ना."

तेव्हा कळलं, गाडीचं ते वाईट ॲव्हरेजच माझा रविवार राखून बसलं होतं.

पहिल्याच रविवारी आबांना एका साखरपुड्यासाठी साक्रीला न्यायचं होतं. धुळं मागे पडलं, नेर गेलं. रस्ता रिकामा होता. मी बटण पेट्रोलवर टाकलं, तिसरा गिअर घातला आणि पाय दाबला. काटा सहाच्या पुढे गेला. आबांनी दाराच्या वरची मूठ धरली.

"माय, गाडी रडी राहिनी ना."

"हो आबा," मी म्हटलं. "रडी राहिनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मूठ सोडून दिली. पुढला गिअर टाक असं साक्रीपर्यंत एकदाही म्हणाले नाहीत. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी समजलं.

संध्याकाळी त्यांना धुळ्याच्या घरी सोडलं. उतरून ते खिडकीपाशी वाकले. डोळे ओले होते. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुढला रईवारले येशी ना, माय?"

"येसू, आबा," म्हटलं, आणि बटण पुन्हा गॅसवर टाकलं.