कानबाईच्या सोमवारी

नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या दिवसांतली ही गोष्ट. मास्तरणीच्या जागेसाठी माझी मुलाखत खंडव्याला होती, तीही इंग्रजीत. ती नोकरी मला हवीच होती. नाहीतर दिवाळीनंतर माझं लग्न उरकायचं, असं तापीकाठच्या गावात, शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात ठरलं होतं.

मुलाखतीत घरच्यांविषयी विचारतात, म्हणून मी इंग्रजी विशेषणं पाठ केली आणि घरातल्या माणसांनाच चिकटवली. देवाला भिऊन वागणारे ते गॉड-फिअरिंग, म्हणजे वडील. खरं तर ते देवापेक्षा थोरल्या काकांना जास्त भीत. कर्मठ ते ऑर्थोडॉक्स, म्हणजे काका, दुसरं कोण! मनापासून भक्ती करणारी ती डिव्हाउट. ते आईला दिलं.

मुलाखत नेमकी आली श्रावणात, कानबाईच्या सोमवारी. रविवारी देवी बसते, सोमवारी सकाळी तापीत विसर्जन होतं, आणि तोवर घरातल्या कुणी गाव सोडायचं नाही, अशी आमची रीत. काका म्हणाले, "पोरीच्या नोकरीपायी कानबाई कोपली तं?" वडील खाली बघत राहिले. मला दोघांचाही राग आला.

देवी डोक्यावर नेण्याचा मान आईचा. देवीचा पाट उचलण्याआधी तिने माझ्या कपाळी हळदकुंकू लावलं. "तू जाय. कानबाईले मी सांगते." मी तडक स्टेशन गाठलं.

खंडव्याला मुलाखत घेणाऱ्या साहेबांची नजर माझ्या कपाळावर गेली. "ऑर्थोडॉक्स फॅमिली?" त्यांनी विचारलं. असल्या घरची मुलगी खेड्यात एकटी राहील का, हा खरा प्रश्न होता. नुसतं हो म्हटलं की कारभार आटोपला.

"काका ऑर्थोडॉक्स आहेत, सर. आई डिव्हाउट आहे," मी इंग्रजीत म्हणाले.

"फरक काय?"

"आज आमच्या देवीचं विसर्जन आहे. काकांनी मला अडवलं. आईने देवी डोक्यावर घेतली आणि मला इकडे पाठवलं."

साहेबांनी पुढ्यातली शाळांची यादी चाळली. मग म्हणाले, "डोईफोडियाला जाल? जंगलाला लागून गाव आहे."

"जाईन."

कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त घरच्यांनी, घरातच खायचे असतात. संध्याकाळी आईने माझ्या वाटणीचा रोट दुधात कुस्करून पुढ्यात ठेवला. मी नोकरी मिळाल्याचं सांगितलं. काका ओसरीवरच बसले होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पुढच्या वर्षी कानबाईले सुट्टी घेऊन येजो."