टनभर कोळशाची गोळी

कारखान्यात तिला सगळे ‘घार’ म्हणत आणि तिला ते आवडायचं. अणुवीज केंद्रासाठी युरेनियमच्या गोळ्या बनवणारा हा कारखाना. बावीस वर्षं तिचं काम एकच, हातमोजे चढवून ट्रेमधल्या काळ्याभोर गोळ्या दिव्याखाली फिरवायच्या आणि टवका उडालेली दिसली की बाजूला काढायची. गोळी करंगळीच्या पेराएवढी. दिवसाला चार हजार, डोळ्यांत तेल घालून.

बाबांनी मात्र त्याला कधी काम म्हटलं नाही. ते तीस वर्षं बॉयलरमध्ये फावड्याने कोळसा टाकणारे. बसून खडे निवडतेस, असं चिडवत आणि ती हसण्यावारी नेई. खरं तर तिला ते सोयीचंच होतं. अशी एक गोळी म्हणजे जवळपास टनभर कोळसा, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि बाबा वर्षाचे तीनशे दिवस, रोज चार टन ओढत. हिशेब तिने तेव्हाच केला होता. आता चार पायऱ्या चढताना धाप लागणाऱ्या माणसाला तो कोणत्या तोंडाने सांगायचा?

त्या रविवारी गॅलरीत ऊन खात बसलेल्या बाबांनीच विषय काढला. गोळी पेटवतात कशी आणि राख कोण उपसतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. ती म्हणाली, पेटवतच नाहीत. युरेनियमचा अणू जड. त्याच्या गाभ्यावर न्यूट्रॉन नावाचा कण आदळला की तो दुभंगतो, उष्णता निघते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटून पुढचे अणू फोडतात. हे हाताबाहेर जाऊ नये म्हणून न्यूट्रॉन गिळणाऱ्या कांड्या मध्ये सोडतात. धूर नाही, पण वापरलेल्या गोळ्यांतून घातक किरणं निघत राहतात, म्हणून त्या हजारो वर्षं जपून ठेवाव्या लागतात. त्या उष्णतेने पाणी उकळतं आणि वाफेवर चाकं फिरतात.

“म्हणजे शेवटी पाणीच तापवायचं,” बाबा म्हणाले. एवढे शास्त्रज्ञ फिरून फिरून आपल्या बॉयलरवरच आले, याचा त्यांना कोण आनंद!

मग त्यांनी वर सूर्याकडे बोट दाखवलं. “आणि तिथे कोण टाकतं?”

तिथे उलटं, तिने सांगितलं. फोडत नाहीत, जोडतात. प्रचंड दाबाखाली हायड्रोजनचे हलके गाभे एक होऊन हेलियम बनतो, त्यात किंचित वस्तुमान हरवतं आणि तेच हे ऊन. इथे तसं करायचं तर कोट्यवधी अंश तापमान लागतं. तेवढं तापलेलं धरेल असं भांडंच नाही, म्हणून चुंबकांनी अधांतरी तोलायची खटपट चालू आहे. बाबा हातावरचं ऊन पाहत राहिले. त्यांच्या अंगावर काटा आला होता. तिच्याही आला, बावीस वर्षांत हे सगळं ती कधी मोठ्याने बोललीच नव्हती.

“एका गोळीत कोळसा किती?”

थाप मारता आली असती. “टनभर,” ती म्हणाली.

बाबा बोटांवर मोजू लागले. मध्ये दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“माझी तीस वर्षं तू किती दिवसांत तपासतेस?”

“नऊ.”

ती काहीतरी समजुतीचं बोलणार, तोच त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट निरखून पाहिलं.

“खडे म्हणत होतो मी,” ते म्हणाले. “एकेका गोळीत माझ्यासारख्याचे दोन तास आहेत, पोरी. खोकल्यासकट. नीट बघत जा.”