ओ न देणारी विहीर

पातूरच्या अलीकडे, आमच्या गावाबाहेर एक बांधीव विहीर आहे. ती खणली तेव्हा पाणी लागेना, म्हणून पाटलाने धाकट्या सुनेची ओटी भरून तिला तळाशी उतरवलं आणि वरून दोर ओढून घेतला. सकाळी विहीर भरली. ही गोष्ट आमच्याकडे कोणी हळहळून सांगत नसे. गावात येणाऱ्या प्रत्येक नवरीने काठावर वाकून आपलं सासरचं नवं नाव हाकारायचं. आतून ओ आली, की त्या सुनेने नवरी पसंत केली. ओ आली नाही, असं कोणाला आठवत नव्हतं.

लग्नं वैशाखात होत. थोरल्या भावाचं मात्र आजा अंथरुणाला खिळला म्हणून मार्गशीर्षात उरकलं. विहीर काठोकाठ भरलेली. वहिनीने दोनदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा रडवेल्या आवाजात. आतून काही आलं नाही.

"विहीरबी थुकली हिच्यावर," एक म्हातारी म्हणाली. बाया हसल्या.

मी तेव्हा अकोल्याला मॅट्रिकच्या वर्गात होतो, लग्नासाठी घरी आलो होतो. प्रतिध्वनीला अंतर लागतं, हे मास्तरांनी शिकवलं होतं. मी आईला बाजूला घेऊन सांगितलं.

"समजलं मले," ती म्हणाली. "पन आज्याले कोन सांगन? शाळा बंद केली त्यानं, तं नांगर धरशीन?"

मी जाऊन पंगतीत बसलो. पुढे आज्याच्याच शब्दावर अमरावतीला बी.ए. झालो. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

पंधरा दिवसांत आमचा एक बैल मेला. आज्याने वहिनीला कायमचं माहेरी धाडायचं ठरवलं. भाऊ गोठ्यातून बाहेर आला नाही. बैलांच्या दमणीतून तिला पोचवायला मीच निघालो.

वहिनी माळ्याची लेक. वाटेत म्हणाली, "भाऊजी, आमच्या मळ्यातली विहीर उनाळ्यात बोलते. पानी चढलं का मुकी होते."

"मंग तवा काहून नाही बोलल्या?"

"नवरीचं कोन आयकते? मले वाटलं, घरात शिकलेलं मानूस हाये, ते सांगन."

तिचा बाप वांग्यांना पाणी देत होता. लेक माहेरपणाला आली असं समजून तो हात पुसत पुढे आला.

"न्याले कवा येता, बापू?"

वहिनी माझ्याकडे पाहत होती.

"संक्रांत झाली का येतो," मी म्हणालो.

त्याने माझ्यासाठी कोवळी वांगी तोडली. भाकरी वहिनीने वाढली. मी पोटभर जेवलो.