उसना चेहरा

मला एकच चेहरा आहे आणि तो मी सगळ्या प्रसंगांना वापरतो.

रेल्वेत इंजिनीअर म्हणून तो चालून गेला. (साहेब विचारात आहेत, असं लोकांना वाटायचं!) पण लेकीच्या लग्नात तो आडवा आला. रिचाने स्वतः पसंत केलेल्या मुलाच्या आईवडिलांशी व्हिडिओ कॉल झाला आणि अकोल्याहून निरोप आला, "मुलीच्या वडिलांच्या मनात दिसत नाही." मी तर मनातून नाचत होतो!

"अहो, जरा हसायचं तरी!" बायको कडाडली.

"हसतच होतो!"

रिचा इथे लखनौला, अलीगंजच्या एका कंपनीत आभासी चेहऱ्यांवर खरेखुरे भाव उमटवणारं सॉफ्टवेअर बनवते. "बाबा, टेन्शन मत लो," ती म्हणाली. "फेस आपका ही दिखेगा. आपका चेहरा ज़रा-सा भी हिला, तो सॉफ्टवेअर उसे बड़ा करके दिखाएगा. जो फील करोगे, वही दिखेगा." हे शेवटचं वाक्य कोणीच नीट ऐकलं नाही.

दुसरा कॉल. पडद्यावरचा मी नमस्कार करताना असा काही हसलो की बायको लाजली. मग मुलाचे वडील म्हणाले, "आम्हाला मानपान नको. मुलगी आणि नारळ द्या."

यावर मुलीच्या बापाने कासावीस व्हायचं असतं. "छे छे, असं कसं!" मी म्हणालो. पडद्यावरचा मी मात्र लॉटरी लागल्यासारखा फुललो!

"फक्त वऱ्हाड मोठं असेल हं," मुलाची आई म्हणाली. "अर्धं अकोला येईल."

"या ना, आनंदच आहे!"

पडद्यावर मी ढसाढसा रडायच्या बेतात!

"बंद कर ते!" मी कुजबुजलो.

"बाबा, हैंग हो गया!"

तो रडका चेहरा तसाच थिजला. अकोल्याची मंडळी पडद्याजवळ सरकली. रिचाने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मुलाचे वडील खो खो हसायला लागले. "तोंडाने काहीही म्हणा, चेहरा खोटं बोलत नाही तुमचा! असा व्याही हवा. ठरलं! वऱ्हाड आटोपशीर आणतो."

रिचाने मला मिठी मारली. मी मनातून पुन्हा नाचायला लागलो. तिने वर बघितलं आणि घाबरून विचारलं, "बाबा, अब किस बात पे ग़ुस्सा हो?"

ते सॉफ्टवेअर आता बायकोने स्वतःच्या मोबाइलवर घेतलंय. हल्ली जेवताना मी "भाजी झकास झालीय" म्हणालो की ती मोबाइल माझ्यावर रोखते, पडद्यावरच्या माझ्याकडे क्षणभर बघते आणि निमूटपणे मिठाची वाटी पुढे सरकवते.