बरं झाल्याची साक्ष दिली, त्यानंतर

"दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. डायलिसिस सुरू करावं लागेल," चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझे यजमान सामुएल त्यांच्यावरच ओरडले, "रिपोर्ट बदलला असन तुमचा! नीट पाहा ना!" मी मान खाली घातली. यांच्या रागापायी चारचौघांत मान खाली घालायची मला लग्नापासूनची सवय.

पायांना सूज आली एवढ्यासाठी गेलो होतो. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायची रक्तातली घाण, फार वाढलं होतं. डायलिसिसमध्ये तेच काम मशीन करतं. रक्त नळीतून बाहेर येतं, साफ होऊन परत आत जातं. मग आठवड्यातून दोनदा आमच्या सिंदेवाहीहून एसटीने चंद्रपूरला जायचं, बाकावर बसून राहायचं, आणि पुन्हा तेच. तुमच्या घरी हे आलं तर सोबत जाणाऱ्याने स्वतःचाही डबा न्यावा. मी नेत नसे, आणि एकदा तिथेच चक्कर येऊन पडले.

अशात आमच्या चर्चच्या मंडळीने आमच्या घरी प्रार्थना ठेवली. सगळ्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवले. यांना हलकं वाटलं. रविवारी उपासनेत उभं राहून यांनी साक्ष दिली, "प्रभूनं मले बरं केलं." टाळ्या, हालेलुया. आमच्यात अशी साक्ष दिली की मोठी पंचाईत होते. नंतर दवाखान्यात जाणं म्हणजे सगळ्यांसमोर अविश्वास दाखवणं. यांनी डायलिसिसला जाणं बंद केलं. मी रडले, विनवण्या केल्या, ऐकतं कोण?

थोड्याच दिवसांत यांना श्वास लागला. ओठ काळे पडले. गाडी करून नेलं. डॉक्टर म्हणाले, "पोटॅशियम वाढलंय. अजून उशीर केला असता तर हृदय थांबलं असतं." पोटॅशियम हा रक्तातला क्षार, तो किडनीने बाहेर टाकला नाही की हृदयावर येतो. मशीन लागलं, जीव वाचला. बोलता यायला लागल्यावर यांचं पहिलं वाक्य मला होतं, "तुहाच विश्वास कमी पडला."

मी उठून बाहेर गेले. त्या दिवशी मी देवाशीही बोलले नाही.

कृपा माणसाला नवं करते, असं आमचे पाळकसाहेब सांगतात. मला वाटायचं, ती एका झटक्यात करत असेल. आमच्याकडे ती प्रत्येक थांब्यावर थांबणाऱ्या एसटीसारखी आली. डायलिसिस पुन्हा सुरू झालं, तेव्हा आधी सुई चुकली तरी हे सिस्टरवर ओरडेनासे झाले. मी म्हटलं, अशक्तपणा असेल. मग एकदा मशीनवरून मला विचारलं, "तू जेवली का?" इतक्या वर्षांत असं कधी विचारलं नव्हतं. मी यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मग एका उपासनेत हे पुन्हा उभे राहिले. "मी बरा नाई झालो. मशीनवर जगून राह्यलो. बायकोले उगाच बोललो." या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मात्र पदराने डोळे पुसत राहिले.

मागच्या आठवड्यात एक मशीन बंद पडलं होतं. गडचिरोलीकडची एक म्हातारी भिंतीला टेकून धापा टाकत होती. नंबर यांचा होता. हे म्हणाले, "सिस्टर, या बाईले आधी घ्या. मी थांबतो." सिस्टरने डॉक्टरांना विचारलं, त्यांनी यांना तपासून होकार दिला.

मी मात्र भडकले. "आपली गाडी जाईन ना! तुमचा जीव काय फुकटचा हाय?"

"अवं, तिले बसवत बी नाई. पाह्य ना."

यांच्यातून काढलेला राग देवाने माझ्यात ठेवला की काय, कोण जाणे. मी फार थकले आहे. त्या दिवशी नंबराची वाट पाहता पाहता बाकावर हे माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपले, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. किडन्या परत चालू होणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आणि मी ते मान्य केलंय. पण ज्या माणसासाठी मी लग्नापासून प्रार्थना केली, तो मला आत्ता कुठे भेटलाय. प्रभू, त्याला एवढ्यात नेऊ नको.